चौथ्या ओळीवर बसलेली बाई

३ मार्च, सोमवार

रोजनिशी स्वतःच्या हाताने लिहायची असते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, स्वतःच्या हाताने मी तुमचा संसार ओढला, पोरगा वाढवला, आता एवढी वही तुमच्या हाताने होऊ द्या. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात मी एकटी उरले. तेव्हा ठरलं ते असं की मी बोलायचं आणि ह्यांनी लिहायचं. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ह्यांनी खरंच काय लिहिलंय ते देवालाच ठाऊक. म्हणून अट घातली: मी बोलेन तसं उतरवायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, आणि यातलं चकार अक्षर बाहेर न्यायचं नाही. वेलांट्या तुमच्या, बाकी सगळं माझं.

दुकान आमचं चष्म्यांचं. मुलगा मागच्या खोलीत काचा घासतो, सूनबाई मधल्या खोलीत डोळे तपासून नंबर काढते, आणि मी पुढे, दारासमोर, उंच स्टुलावर. आलेल्याला "या, बसा" म्हणायचं आणि चेहऱ्यावर फ्रेम बसवून द्यायची, हे माझं खातं. अक्षर येत नसलं तरी मला नाक येतं. दोन बोटं लावली की कळतं, हे घसरणारं नाक आहे की अडवणारं. कानामागे किती वाकवायचं तेही बोटंच सांगतात.

हे स्टूल मी जिवंतपणी सोडणार नाही. शेजारच्या घड्याळजीचा हात थरथरायला लागला, तशी मुलांनी प्रेमाने त्याला मागच्या खोलीत आरामखुर्ची दिली. आराम करता करता माणूस भिंतीवरच्या घड्याळासारखा झाला. येताजाता सगळे बघतात, बोलत कोणी नाही. तेव्हापासून "आराम" हा शब्द कोणी काढला की मी स्टूल घट्ट धरते.

तर आजचं. सकाळी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी समोरच्या कॉम्प्युटरवर गोष्टी ऐकते. आज गोष्ट ऐन रंगात, नवऱ्याने बायकोचं कपाट उघडलेलं, तेवढ्यात आवाज थांबला आणि पडद्यावर एक चौकोन उघडला. कोपऱ्यात घंटीचं चित्र, खाली दोन बटणं. आता दारात कोणी घंटी वाजवून उभं राहिलं तर आपण काय म्हणतो? मी वाचणाऱ्यातली नाही, रंगावर जाते. निळं ते बरं, राखाडी ते नको, हे सूनबाईनेच शिकवलेलं. पण आज दोन्ही बटणं सारखीच मळकी दिसत होती. पडदा कोणी पुसतच नाही हो! त्यातल्या त्यात जे निळं वाटलं ते दाबलं आणि "या" म्हटलं. गोष्ट पुढे सुरू झाली. कपाटात काही नव्हतं.

दुकानातले दिवेही बदलायला झालेत. प्रत्येकाभोवती केस उगवल्यासारखं दिसतं. हे लिहिताना आमचे हे थांबले. "केस?" म्हणाले. लिहा मुकाट्याने.

५ मार्च, बुधवार

"या" म्हटलं की माणूस एकटा येतो. हे मात्र सहकुटुंब आले.

काल दुपारपासून कॉम्प्युटर टिंग करतो आणि कोपऱ्यात एक पट्टी वर येते. ती जाते न जाते तोच दुसरी. मला वाचता येत नाही, पण आमच्या दुकानात वाचणाऱ्यांची काय कमी? इथे माणसं वाचून दाखवायलाच येतात. औषधवाली बाई फ्रेम बघायला आली होती, तिला म्हटलं, "अगं, बघ तरी काय म्हणतायत."

"'अभिनंदन! आपण विजेते आहात,'" तिने वाचलं.

"कशाचे?"

"ते म्हणे दाबल्यावर कळेल. थांबा, दुसरी आली. 'आपल्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरले आहेत.'"

"एका दमात विजेते आणि आजारी?"

"तिसरी..." तिने आधी इकडेतिकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "बाईचा फोटो आहे. केस मोकळे सोडलेत. 'मी तुमच्या जवळच राहते. एकटी आहे. बोलाल का?'"

नेमकी तेव्हाच सूनबाई बाहेर आली, मुलगाही आला, आणि दोघांनी एकदमच कुणाकडे बघावं? कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे. कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं घरात चार. त्यातल्या मला तर कोणी धरतच नाही.

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही काल कॉम्प्युटरवर काय बघत होतात?"

"शब्दकोडं."

"नुसतं शब्दकोडं?"

"आडवं आणि उभं," हे म्हणाले. कान लाल झाले असणार. मला इथून दिसले नाहीत, पण ह्यांचे कान मला पाठ आहेत.

मी कशाला सोडते? म्हटलं, "चाळिशीत चष्मा लागला तेव्हा म्हणायचे, आता कुठल्या बायका बघायच्या राहिल्यात. आता सत्तरीत बायकाच घरी यायला लागल्या!" औषधवाली हसता हसता फ्रेम विसरून गेली. ह्यांनी पेपराचं पान उलटलं. आत्ताही बोलत नाहीत, नुसते लिहितायत.

एक नवल सांगते. संध्याकाळी ह्यांनी चहाचा कप नेहमीसारखा टेबलावर ठेवला नाही. माझा हात धरून हातात दिला, वर बोटं कपाच्या कानात अडकवली. ती एकटी बाई बघून म्हाताऱ्याला चळ लागलाय, दुसरं काय!

६ मार्च, गुरुवार

आज शिंपीकाकांचा जीव जायचा राहिला.

डोळे तपासायचा तक्ता पूर्वी पुठ्ठ्याचा होता. आता मधल्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा आहे, आणि कॉम्प्युटरवरून तक्ता तिथे जातो. वाचता येणाऱ्यांसाठी अक्षरांचा, आणि माझ्यासारख्यांसाठी कंगव्यांचा. तीन दातांचा कंगवा असतो, त्याचे दात वर की खाली, डावीकडे की उजवीकडे एवढंच सांगायचं. ओळी खाली उतरतात तसे कंगवे बारीक होत जातात. इतकी वर्षं स्टुलावर बसून ऐकतेय, मला दोन्ही तक्ते पाठ आहेत. सूनबाई अधूनमधून मलाही खुर्चीत बसवते आणि म्हणते, "आई, तुमची नजर माझ्याहून तीक्ष्ण." परीक्षा म्हणजे परीक्षा. पाठ असलं की पास.

तर शिंपीकाका खुर्चीत, सूनबाई पडद्याकडे पाठ करून भिंगं निवडतेय. काका वाचतायत. "क... ट... म..." आणि मग टिंग. काका पुढे सरसावून वाचायला लागले:

"गंभीर दोष आढळला आहे."

"काका, नुसती अक्षरं वाचा," सूनबाई म्हणाली, मागे न बघता.

"तेच वाचतोय की! 'पाच मिनिटांत उपाय न केल्यास सर्व काही कायमचे नष्ट होईल.'"

"काका!"

"अगं, हे असं भिंतीवर लिहून सांगतात का? एखादं घरचं माणूस तरी बरोबर आणायला सांगायचंस!" आणि काका खुर्चीतच मान टाकून मोकळे.

मी पाण्याचा पेला घेऊन धावले. काकांच्या हातात दिला, पण त्यांनी हात नेमका भलतीकडेच धरला होता. पाणी सगळं मांडीवर. त्याने शुद्धीवर मात्र आले. सूनबाईने परोपरीने समजावलं, की दोष तुमच्या डोळ्यात नाही, आमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

काका उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "पण मी ते चष्म्याशिवाय वाचलं ना?"

"वाचलंत खरं."

"मग मला नंबर कशाला हवा?" आणि गेले. सूनबाई म्हणाली, पट्टीची अक्षरं मोठी होती, म्हणून दिसली त्यांना. पण हे ऐकायला काका होते कुठे!

जेवताना मुलगा म्हणाला, "उद्यापासून पुढच्या कॉम्प्युटरला मी सोडून कोणी हात लावायचा नाही. बाबा, तुम्ही तर नाहीच. आणि आई, तूही जरा आराम कर."

आराम. निघाला शब्द.

१० मार्च, सोमवार

मुलाने कॉम्प्युटरचा आवाज बंद केलाय. आता त्या पट्ट्या मुक्याने येतात. साप काय आणि मुका पाहुणा काय, आला कधी ते कळत नाही. सवय अशी लागली होती की टिंग ऐकलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मी मनाशी ठरवलं, ही ब्याद आपणच घालवायची. घालवली तर "आराम" मागे घेतला जाईल. आज मुलगा आणि सूनबाई काचा आणायला बाहेर गेले होते, हे दात दाखवायला गेले होते. एक मास्तरीण चष्म्याचा खिळा बसवून घ्यायला आली. तिला म्हटलं, "पडद्यावर लाल त्रिकोण दिसला तर त्याखाली काय आहे ते वाच गं." तिने वाचलं, "'तज्ज्ञांशी त्वरित बोला', आणि खाली फोन नंबर." आकडे तिच्याकडूनच दाबून घेतले. ती गेली आणि फोन लागला.

पोरगा फार गोड बोलणारा. "आई, काळजी करू नका. मी तुमच्या मुलासारखाच आहे."

"मुलासारखा? म्हणजे तूही ऐकत नाहीस का?"

हसला बिचारा. मग म्हणाला, "आई, आता स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा."

"उजेड."

"हो, पण उजेडात काय दिसतंय?"

"धुकं."

"धुकं? बरं. खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण असेल, त्यावर काय लिहिलंय?"

"ते तू सांग. शिकलेला तू."

"आई, मला इथून दिसत नाही ना."

"मला इथे बसून दिसत नाही, तुला तिथून कसं दिसेल? तुझं खरंय."

मग म्हणाला, बाण त्या कोपऱ्यात न्या. मी नेला. बाण कुठेतरी धुक्यात गेला तो गेलाच. "हलवून बघा," म्हणाला. हलवला. "दिसला?" "नाही." "जोरात हलवा." जोरात हलवला, तशी फ्रेमांची पेटी खाली पडली. तो म्हणाला, "आई, तुम्ही चष्मा लावा ना!"

"चष्मा? अरे, चष्म्यांच्या ढिगात बसलेय. कुठला लावू तेवढं सांग."

मग म्हणाला, "घरात कोणी वाचणारं नाही का?"

"आहेत ना, आमचे हे. छापखान्यात होते. तुझ्या त्या लाल त्रिकोणाखाली चूक आहे, असं परवाच म्हणाले. 'त्वरित'ची री दीर्घ काढलीय तुम्ही, ती ऱ्हस्व हवी."

"मी... मी सांगतो साहेबांना," म्हणाला. आवाज अगदी रडवेला. मी विचारलं, "जेवलास का रे?" तर म्हणे, "नाही अजून." म्हटलं, "आधी जेवून घे. उपाशी पोटी कामं अशीच बिघडतात. मग फोन कर सावकाश." बरं म्हणाला आणि ठेवला.

पोरगा गुणी आहे. कामात कच्चा आहे एवढंच.

दुकानातून घरी येताना ह्यांनी माझा दंड धरला होता. पायरीपाशी "एक", मग "दोन" असं पुटपुटत होते. कवळीचं माप घेऊन आले होते, म्हटलं तोंडाचा व्यायाम सांगितला असेल.

११ मार्च, मंगळवार

त्या गुणी पोराची गोष्ट जेवताना सांगितली, तर मुलाच्या हातातला घास तसाच राहिला.

"आई! त्याला काही सांगितलंस का? काही दाबलंस? कुठला आकडा वाचून दाखवलास?"

"काय दाखवणार डोंबल? मला काही दिसेल तर ना!"

सगळे हसले. मीही हसले. आमचे हे तेवढे हसले नाहीत. ह्यांना विनोद नेहमी दुसऱ्या दिवशी कळतो.

मुलाचं म्हणणं, तो चोर होता. त्या पट्ट्या घाबरवण्यासाठीच असतात. माणूस घाबरला की फोन करतो, आणि मग ते त्याच्याच हाताने त्याचं घर उघडून घेतात. मी म्हटलं, "चोराला भूक लागत नाही का?" मुलाने तो घास ताटात परत ठेवला.

सूनबाई मात्र जेवण आटोपल्यावर सगळ्यांना घेऊन दुकानात कॉम्प्युटरपाशी बसली आणि म्हणाली, "अहो, हा विषाणू वगैरे काही नाहीच. कोणीतरी परवानगी दिलीय." तिने कुठूनसं एक पान उघडलं. तिथे कोणाकोणाला आत यायची मुभा दिलीय ते सगळं दिसतं म्हणे. "एखादं संकेतस्थळ विचारतं, तुम्हाला सूचना पाठवू का? एकदा 'हो' दाबलं की संपलं. मग ते बंद केलं तरी त्याच्या पट्ट्या येतच राहतात. आणि एकीवर बोट पडलं की ती आणखी दोघींना घेऊन येते."

"पण 'हो' दाबलं कोणी?" मुलगा म्हणाला.

ह्यांनी पेपराची घडी घातली. मग आमचे हे म्हणाले, "मी. माझ्याकडूनच दाबलं गेलं असेल."

बघा! मीच थक्क झाले. पंचेचाळीस वर्षांत या माणसाने भांडं फुटल्याचं कबूल केलं नाही. मी चेहऱ्याकडे बघितलं, पण या दिव्यांच्या उजेडात चेहरा कसला नीट दिसतो! सूनबाईने त्या सगळ्यांची परवानगी एकेक करून काढून घेतली. सासऱ्याला वरमल्यासारखं होऊ नये म्हणून वर बघितलंही नाही. गुणाची आहे.

आत्ता विचारलं, "खरंच का हो तुम्ही?" तर म्हणाले, "पुढे सांग."

मीही परवा एक बटण दाबलं होतं. पण ते निळं होतं, तेव्हा ते यात धरायला नको.

१५ मार्च, शनिवार

आज जे झालं ते सांगायचं नाही असं ठरवून बसले होते. ह्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले. घ्या तर मग.

शिंपीकाका सोमवारी परत येणार आहेत. सुईत दोरा जाईना, तेव्हा पटलं. म्हणून दुपारी दुकान बंद असताना सूनबाई म्हणाली, "आई, जरा खुर्चीत बसता? तक्ता लावून बघते. काकांच्या समोर पुन्हा काही उगवायला नको."

मी ऐटीत बसले. एका डोळ्यावर झापड लावलं. मुलगा मागे काच घासत होता, हे कोपऱ्यात पेपर घेऊन.

"पहिली ओळ," सूनबाई म्हणाली.

"वर."

"हं."

"डावीकडे, खाली."

"हं."

"उजवीकडे, वर, डावीकडे."

"वा. चौथी?"

चौथी माझी आवडती. तिला ताल आहे. "उजवीकडे, खाली, खाली, वर!"

"हं" आलं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने म्हटलं, "उजवीकडे, खाली, खाली, वर."

"आई," सूनबाईचा आवाज एकदम बारीक झाला, "तुम्ही कुठे बघून सांगताय?"

"कुठे म्हणजे? तक्त्यावर."

"चौथ्या ओळीत काय दिसतंय?"

"कंगवे. चार."

"आणि कंगव्यांवर कोण बसलंय?"

"कंगव्यावर कोण बसणार गं? उवा?"

कोपऱ्यात पेपर सळसळला. मागचं काच घासायचं यंत्र थांबलं.

"आई," ती म्हणाली, "चौथ्या ओळीवर बाई बसलीय. तीच ती, मोकळ्या केसांची. सगळ्यांना काढलं, ही एक माझ्या नजरेतून सुटली. सगळी ओळ तिने झाकलीय. तिथे एकही कंगवा दिसत नाहीये."

काय बोलणार? आवाज बंद केलेला, टिंग वाजलं असतं तर मी सावध झाले असते. मी पडद्याकडे निरखून बघितलं. उजेडाचा एक गोळा होता आणि त्याला चहूकडून केस फुटले होते. त्यात बाई होती की बोका, देव जाणे.

म्हटलं, "केस मोकळे आहेत ना तिचे? मग कंगवे घ्यायला आली असेल."

कोणी हसलं नाही. मी इतकी वर्षं बोलतेय, मी बोलले आणि घरात कोणीच हसलं नाही असं आज पहिल्यांदा झालं. सूनबाई बॅटरी घेऊन जवळ आली. तिने माझ्या एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या. तिचा श्वास गालाला लागत होता. कानाच्या मागे वाकवताना मी लोकांच्या जेवढी जवळ जाते तेवढी जवळ होती ती.

"दोन्हीकडे मोतीबिंदू," म्हणाली. "आजचा नाही हा. केव्हापासून असं दिसतंय, आई?"

"दिवे खराब झाले तेव्हापासून."

"दिवे मी दिवाणखान्यातले, दुकानातले सगळे बदलले, आई. महिना झाला."

आणि ती खाली बसली आणि रडायला लागली. म्हणे, सगळ्या पेठेचे डोळे तपासते आणि घरच्या माणसाचे... मुलगा ओले हात घेऊन दारात उभा. मी म्हटलं, "अगं, त्याला दिव्याखाली अंधार म्हणतात. दिव्याने रडायचं नसतं." पण खरं सांगते, मला तिच्यापेक्षा माझीच चिंता होती. मी उठले, चाचपडत पुढे आले आणि स्टुलाला हात लावून उभी राहिले. म्हटलं, "आता मागच्या खोलीत आरामखुर्ची टाकाल ना?"

मुलगा म्हणाला, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. घड्याळजीसारखी."

"आई, मागच्या खोलीत माझं यंत्र आहे. तिथे तुला ठेवलं तर मला तुझी बडबड ऐकत काचा घासाव्या लागतील. नंबर चुकतील."

तेव्हा कुठे कोणीतरी हसलं. बहुतेक मीच.

१६ मार्च, रविवार

आज ह्यांना सरळ विचारलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दिव्यांना केस फुटले तेव्हापासून."

कप हातात दिलेला, पायऱ्या मोजलेल्या, सगळं एकदम डोळ्यासमोर आलं. डोळ्यासमोर म्हणजे आपलं बोलायची पद्धत. म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"अट तुझीच होती. मधे शहाणपण घालायचं नाही आणि अक्षर बाहेर न्यायचं नाही."

"जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत, आणि नेमकं हेच ऐकलंत?"

ह्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "रोज वाटायचं, उद्या तू स्वतःच म्हणशील. तुझ्या तोंडून आलं असतं तर स्टुलावरून उतरल्यासारखं वाटलं नसतं तुला."

हे वाक्य लिहायला नको म्हणत होते. मी लिहायला लावलं. अट म्हणजे अट.

मी भीतभीत विचारलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यात सुरी घालतात म्हणजे नक्की काय करतात? हे म्हणाले, ढग झालेलं भिंग काढतात आणि स्वच्छ भिंग बसवतात. म्हटलं, म्हणजे आपल्याच धंद्यातलं काम. मग हरकत नाही. मोतीबिंदू! नाव बघा कसं, दागिन्यासारखं. एवढे दिवस दोन दोन मोती घालून मिरवत होते आणि कोणाला दाखवता आले नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

उजवा मोती निघाला. डावा पुढल्या महिन्यात.

आज पट्टी सोडली. पहिलं कोण दिसलं? हे. "शर्ट नवा घेतलात का?" म्हटलं. "निळा छान दिसतो." तर म्हणाले, तोच आहे, दहा वर्षं जुना. मी तो राखाडी समजून बोहारणीला द्यायला काढला होता.

सुरकुत्या मात्र फार झाल्यात हो तुम्हाला. आरशात बघून आले, मग तो विषय बंद केला.

४ एप्रिल, शुक्रवार

आज स्टुलावर. काळा चष्मा लावून, एखाद्या गुप्तहेरासारखी.

मुलाने कॉम्प्युटरचा आवाज परत सुरू केलाय, म्हणून सकाळी गोष्ट लावली. तोच नवरा, आता बायकोच्या ट्रंकेपाशी पोचलाय. आणि तोच चौकोन उघडला, कोपऱ्यात घंटी. या वेळी दोन्ही बटणं चकचकीत दिसली. एक निळंशार, एक राखाडी. मी ह्यांना हाक मारली. "अहो, निळ्यावर काय लिहिलंय?"

"'परवानगी द्या'."

"आणि राखाडीवर?"

"'नको'."

मी थोडा वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले. म्हणजे निळं ते बरं, असं काही नसतं तर. आणि मग एकेक उलगडत गेलं. घंटी, मळकी बटणं, "या" म्हटलेलं, सहकुटुंब आलेली ती सगळी मंडळी.

"म्हणजे ती बाई तुमची नव्हती," मी म्हटलं.

"नव्हती."

"माझ्यामुळे आली होती."

"तूच 'या' म्हणालीस."

"मुलासमोर, सुनेसमोर ती तुम्ही आपली म्हणून घेतलीत!"

हे पेपरात तोंड खुपसून बसले. या वेळी कान दिसले मला. लालभडक.

"चला," म्हटलं, "एक बाई नावावर लागली होती, तीही उसनी निघाली. एवढंही जमलं नाही तुम्हाला."

मग राखाडी बटण दाबलं. तो "नको"चा आकार मी नीट बघून ठेवलाय. आधी एक उभी काठी, तिच्या पोटाला गाठ. मग शेजारी पोट फुगवून उभा असलेला एक, डोक्यावर तुरा खोचलेला. असा तुरेवाला आला की समजायचं, हाच आपला माणूस.

१२ एप्रिल, शनिवार

दुपारी फोन वाजला. दुकानात शिंपीकाका नवा चष्मा घालून आरशासमोर आपल्याच मिशा तपासत होते. मी उचलला.

"आई, ओळखलंत का? मी तुमच्या मुलासारखा."

ओळखलं की! म्हटलं, "जेवलास का?"

"हो, जेवलो. आई, तो कॉम्प्युटरचा दोष अजून तसाच असेल. आज आपण शांतपणे करू या. समोर बसलात? मग सांगा, काय दिसतंय?"

मुलगा "ठेव, ठेव" अशा खुणा करत धावत आला. मी हात वर करून त्याला थांबवलं. एवढ्या आपुलकीने हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

"काय दिसतंय? सांगते हं, नीट ऐक. समोर दाराची काच आहे. तिच्यावर कोणाच्या तरी पोराचा हात उमटलाय, पाचही बोटं. काचेपलीकडे घड्याळजी उन्हात खुर्ची टाकून बसलाय, काल मीच त्याला ओढून बाहेर आणलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण नाहीये. आमच्या शिंपीकाकांना सांगायला हवं. काकांच्या मिशीत दोन केस काळे आहेत अजून, त्यांना वाटतं सगळे आहेत."

"आई, स्क्रीनवर..."

"थांब, येते तिकडे. फ्रेमांवर धूळ आहे, ती सुनेला सांगणार नाही, मीच पुसेन. सूनबाईच्या हनुवटीवर तीळ आहे रे! एवढी वर्षं झाली लग्नाला आणि मला आत्ता कळतंय. माझा मुलगा समोर उभा राहून हातवारे करतोय, त्याला टक्कल पडायला लागलंय, बापावर गेलाय. आणि बाप कोपऱ्यात बसून पेपर वाचतोय असं दाखवतोय, पण पेपर उलटा धरलाय."

"आई, प्लीज, फक्त स्क्रीनवर काय दिसतंय तेवढं..."

"स्क्रीनवर? बाण दिसतोय, बाळा. अगदी लख्ख. डाव्या कोपऱ्यात न्या म्हणालास ना त्या दिवशी? नेला बघ. आता तू सांग, तुझ्या समोर काय दिसतंय?"

पलीकडून फोन ठेवल्याचं ऐकू आलं.

सांगता सांगता मी अजून खिडकीपर्यंतही पोचले नव्हते.